सगळ्यात जास्त कोण रडेल?

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्याकडच्या लग्नात माझ्या शेजारी जेवायला बसणार नाही. हे सोपं पडतं. म्हणजे हेही एक प्रकारचं पळणंच झालं — कळतंय मला.

आधी मी कोण ते सांगते. जळगावात मुलींच्या एका वसतिगृहाची मी अधीक्षक आहे. वय बावन्न. सकाळी उठले की दिवसाची कामं कागदावर उतरवायची आणि झाली की खोडायची, ही माझी पद्धत. पाण्याचा टँकर, गिरणीत दळण, तिसऱ्या मजल्यावरचा गळका नळ. मुली मला घाबरतात, कारण त्यांचं खोटं मला दारातून कळतं. "मॅडम, बस उशिरा आली" म्हणणारी मुलगी आधी चपलेकडे बघते. मी तिला खुर्चीवर बसवते, पाणी देते आणि गप्प राहते. पाच मिनिटांत खरं बाहेर येतं. मग मी म्हणते, "हे आधीच सांगितलं असतं तर?" इतक्या वर्षांत हे वाक्य मी किती मुलींना ऐकवलं असेल — आणि ऐकवताना दर वेळी आतून कोणीतरी मला चिमटा काढतं.

तर पाखरांपासून सुरुवात करते.

माझं लहानपण असोद्याचं. केळी आणि कपाशीचं गाव, जळगावला अगदी लागून. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ आमच्यातच राहायचे, त्यांना सगळे नाना म्हणत. ज्वारी हुरड्यात आली की गोफण घेऊन मळ्यात राखणीला बसायचं, हे त्यांचं काम. पाखरं हाकलण्यात आयुष्य गेलं म्हणून असेल, त्यांना पाखरांची बठ्ठी, म्हणजे सगळी, कुळकथा माहीत होती. टिटवी पाय वर करून झोपते, कारण आभाळ कोसळलं तर झेलायला कोणी तरी हवं. तिनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जोरदार, खोलगट जागी घातली की दुष्काळ. घुबडाला दगड मारायचा नाही. ते तो दगड उचलून पाण्यात ठेवतं, आणि दगड झिजतो तसा मारणारा झिजतो. चिमणीच्या पिलाला माणसाचा हात लागला की तिची जात त्याला टोचून बाहेर काढते. भारद्वाज सकाळी दिसला तर दिवस चांगला. पिंगळा घरासमोर बोलला तर — तर काय, ते नाना सांगायचे नाहीत. नुसते उठून आत जायचे.

आणि कावळा. कावळा डोक्याला शिवला तर त्या माणसाचं मरण जवळ आलं, असं आमच्याकडे मानत. त्यावर उताराही होता. तो माणूस मेला, अशी खोटी बातमी लांबच्या नातेवाइकांना कळवायची. ते रडले की मरणाला वाटतं, आपलं काम झालं. मग ते दारातून परत जातं. रडून ओरडून माणसं धावत येतात, बघतात तर मेलेलं माणूस ओट्यावर बसून चहा पितंय. मग सगळे हसतात, गोडधोड करतात. गल्लीतल्या सुकदेवकाकांच्या वेळी हे मी पाहिलं होतं. त्यांच्या बहिणीनं येता येता त्यांना चपलेनं मारलं होतं आणि मग गळ्यात पडून हसली होती. तो सगळा प्रकार मला फार आवडला होता.

हे मुद्दाम सांगते आहे. कारण मनात कितीदा तरी मी असं मांडून पाहिलं आहे, की मला काय माहीत पुढे काय होईल, मी दहा वर्षांची पोर. खोटं. मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

वैशाखाचे दिवस होते. आमच्याकडे वाळवणाचं काम निघालं होतं — बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड. भिजवलेल्या ज्वारीचं पीठ पहाटे चुलीवर शिजवायचं आणि ओल्या धोतरावर हातानं थापायचं. गल्लीतल्या बायका मदतीला येतात. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी. त्या दिवशी आमच्याकडे होत्या. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, सगळीकडे बिबड्या पसरलेल्या, आणि त्यांच्यावर काठी घेऊन मी. काम एकच — कावळे हाकलायचे. शेजारच्या निंबावर कावळ्याचं घरटं होतं, पिलं होती, त्यामुळे ते चवताळलेलेच असायचे.

मी तिथं थांबले नाही. मळ्याच्या बांधावर टिटवीची अंडी मी आदल्या आठवड्यात पाहिली होती. फुटली का, एवढं बघून येऊ म्हटलं. गेले. फुटली नव्हती. टिटवी डोक्यावर ओरडत राहिली आणि मी तिथंच बसून राहिले. किती वेळ, आठवत नाही. परत आले तेव्हा धाब्यावर कावळ्यांची पंगत बसली होती. बिबड्या उचकटलेल्या, फाटलेल्या, त्यांच्यावर घाण. गल्लीतल्या बायकांची पहाटेपासूनची मेहनत. आणि जिन्यावर आईची चाहूल.

मार बसणार हे नक्की होतं. मार मला नवा नव्हता. पण आईला त्या बायकांसमोर खाली बघावं लागणार होतं, आणि म्हणून तो मार साधा नसणार होता. मी धावत जिन्यात गेले, तिच्या पोटाला मिठी मारली आणि म्हणाले — कावळा शिवला. माझ्या डोक्याला. मी घाबरून पळाले.

इतकंच. तीन छोटी वाक्यं. आजही मला तोंडपाठ आहेत.

आईचा वर उचललेला हात तसाच राहिला. मग तो माझ्या डोक्यावर आला. केसांत बोटं घालून ती काहीतरी शोधत होती — ओरखडा, रक्त, काहीतरी. तिला काही सापडलं नाही. आणि सापडलं नाही म्हणून तिनं पुन्हा विचारलंही नाही. मला याचा आजही राग येतो. घरात एवढी माणसं होती, एकानं तरी दुसरा प्रश्न विचारायचा. कुठून आला कावळा? कोणत्या बाजूनं? मी असते तर अर्ध्या मिनिटात खोटं उघडं पाडलं असतं. पण मी त्यांच्यावर काय म्हणून चिडते आहे? खोटं मी बोलले होते.

बायका बिबड्यांसाठी हळहळायला लागल्या, तसे नाना आतून बाहेर आले. "पोरीले कावया शिवला, अन् तुम्ही बिबड्याईचं काय धरून बसल्या?" म्हणाले. वडील रोज पेपर वाचणारे, साखर कारखान्यात कारकून, असल्या गोष्टींना हसणारे. ते म्हणाले, "नाना, हे काही खरं नसतं." आणि तेवढंच म्हणून त्यांनी सायकल बाहेर काढली, तार करायला. खरं नसतं, तर सायकल कशाला काढायची? पण पोरीच्या जिवावर पैज कोण लावणार.

तार कोणाला करायची, एवढंच उरलं होतं. माझं आजोळ शिंदखेड्याचं. तिथं दोन मामा आणि सगळ्यात धाकटी कमलमावशी. मावशी बारावी झाली होती. आमच्या नात्यातल्या मुलींत पहिलीच. नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिनं अर्ज केला होता आणि मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. धुळ्याला. दुसऱ्याच दिवशी. तिचं पोस्टकार्ड आईनं मला दोनदा वाचायला लावलं होतं, म्हणजे मलाही माहीत होतं.

आई म्हणाली, "थोरल्या भावाला करा. कमलला नको, उद्या तिची मुलाखत आहे."

नानांनी मान हलवली. म्हणाले, भावाचं रडणं काही कामाचं नाही, तो दोन आसवं गाळून तंबाखू मळायला बसेल. जिच्या डोळ्यांतून खरं पाणी येईल तिचंच नाव तारेत पाहिजे. मग ते माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांच्या हाताला गोफणीच्या दोरीचे घट्टे होते, त्या हातानं त्यांनी माझी हनुवटी धरली.

"सांग व बाई. तुह्यासाठी सगळ्यात जास्त कोन रडीन?"

इथं थांबते जरा.

तुम्ही म्हणाल, खोटं बोलून झालंच होतं. नाही. अजून काहीच झालं नव्हतं. अजून फक्त फाटलेल्या बिबड्या होत्या. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं — मामाचं नाव घे. मला ते कळलं होतं. मी मामाचं नाव घेतलं असतं, तर आज हे लिहायला बसले नसते. मी का नाही घेतलं? कारण प्रश्न मला आवडला. कारण सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. कारण सुकदेवकाकांची बहीण कशी धावत आली होती ते मी पाहिलं होतं, आणि माझ्यासाठीही कोणी तरी तसं धावत यावं असं मला वाटत होतं.

"कमलमावशी," मी म्हणाले. ताठ मानेनं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं ती जळगावला उतरली. स्टेशनवरून असोद्याला कशी आली, तिला स्वतःलाही कधी सांगता आलं नाही. वेशीपासून तिचा आवाज ऐकू येत होता. मी ओट्यावर शिरा खात होते — मला मुद्दाम करून दिला होता. ती गल्लीच्या तोंडाशी आली, केस सुटलेले, एका पायात चप्पल नाही. तिनं मला पाहिलं आणि ती उभ्या उभ्या खाली बसली, रस्त्यावरच. बायका हसायला लागल्या. नानांनी टाळी वाजवली. "रडली ना? बस. आता पोरीले शंभर वर्षं मरन नाही."

मावशी हसली नाही. ती गुडघ्यांवर पुढे आली, माझे गाल, कान, हात चाचपून पाहिले आणि शिरा लागलेल्या माझ्या तोंडाचे मुके घेत सुटली. मुलाखतीची आठवण तिला आईनं करून दिली. तेव्हा दुपार व्हायला आली होती. मावशी म्हणाली, "जित्ती शे ना मनी बाय? मंग माले बठ्ठं भेटनं." माझी बाय जिवंत आहे, मग मला सगळं मिळालं, असं.

तेव्हा मी सांगू शकत होते. नाही सांगितलं. मी तिच्या मांडीत बसून उरलेला शिरा खाल्ला.

पुढच्या वर्षी ती पुन्हा अर्ज करणार होती. त्याआधी पारोळ्याचं स्थळ आलं. लग्न झालं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, चांगले होते. सायकलींचं दुकान, निर्व्यसनी माणूस. तीन मुलं झाली, शिवणाचं मशीन घेतलं, घर बांधलं. तिचं वाटोळं झालं असं अजिबात नाही. आणि ह्याच वाक्याच्या आड मी वर्षानुवर्षं बसले आहे. चांगलाच संसार झाला की तिचा. नर्स झाली असती तर रात्रपाळ्या, बदल्या, कोण जाणे काय काय. किती छान हिशेब मांडते मी, बघा — तिच्या आयुष्याचा, तिला न विचारता.

पण नात्यात कोणी दवाखान्यात असलं की मावशी हजर. रोग्याजवळ बसायची नाही. नर्सच्या बाजूला, तिला अडचण होणार नाही अशी उभी राहायची आणि बघायची. माझा मुलगा झाला तेव्हा चादरीचा कोपरा कसा दुमडून गादीखाली खोचतात, ते तिनं मला खुणेनं दाखवलं होतं. घरी गेल्यावर माझ्या पलंगाची चादर तशीच खोचली. पुन्हा उघडली, पुन्हा खोचली. मी पडल्या पडल्या बघत होते आणि दूध पाजत होते.

आणि गोष्ट. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ती गोष्ट सांगायची. "ह्या रंजीले मी रडीसन परत आणेल शे." नव्या सुनांना सांगायची, व्याह्यांना सांगायची. माझ्या डोक्यावर हात ठेवून, जणू कावळा शिवलेली जागा अजून ओली आहे. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मी काय करायचे? हसायचे. कधी कधी भर घालायचे — "आणि मावशीच्या पायात एकच चप्पल होती." लोक हसायचे. माझ्या बांगड्या, माझं पहिलं लुगडं, बाळंतपणातला डिंकाचा लाडू — हे सगळं तिच्या पोटच्या मुलींआधी मला मिळालं. वाचवलेल्या पोरीचा मान होता तो. मी तो घेतला. एकदाही नको म्हटलं नाही.

वसतिगृहात एकदा एका मुलीच्या डोक्याला कावळा खरोखर शिवला. तिच्या मैत्रिणी तिच्या घरी, चोपड्याला, तसला फोन करायला निघाल्या होत्या. मी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि अर्धा तास बोलले. विणीच्या दिवसांत कावळा घरट्याजवळच्या माणसावर झेप घेतो, त्यात मरणाचा काही संबंध नाही, आणि कोणाच्या आईला असं फुकट रडवणं हा गुन्हा आहे. गुन्हा — हा शब्द मी वापरला. मुली माना खाली घालून ऐकत होत्या. फार छान बोलले म्हणे मी.

इथवर वाचून तुम्ही मनातल्या मनात मला सोडून दिलं असेल. दहा वर्षांची पोर, मार चुकवायला बोलली. कोणीही माफ करील. म्हणूनच खरं सांगायचं ते अजून सांगितलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, धुळ्याला. मोतीबिंदू. तिची मुलं पुण्याला आणि सुरतेला. मी म्हटलं मी नेते, माझं सगळं व्यवस्थित असतं. फाइल, गोळ्या, थर्मास, बदलायचं लुगडं. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डोळ्यावर पट्टी होती आणि एक शिकाऊ नर्स दुसऱ्या डोळ्यात थेंब टाकायला आली. विशीतली मुलगी. मावशीनं तिला नाव विचारलं, गाव विचारलं. शिंदखेडा तालुक्यातलंच निघालं. मावशी तिच्या हाताकडे बघत राहिली. मुलगी गेली तरी मावशी दाराकडेच बघत होती.

मग म्हणाली, "रंजू, एक विचारू? तो कावया खरंच शिवना व्हता का तुले?"

मी थर्मासचं झाकण लावत होते.

"नही शिवना व्हई तरी चाली," ती म्हणाली. "पोरं बोलतस खोटं. मी बी बोलनी असतू. माले राग येवाव नही व. फक्त समजाले पाह्यजे. इतला साल झाया — आते समजाले पाह्यजे."

याहून जास्त दार कोणी उघडतं का? वसतिगृहात मी मुलींना खुर्ची देते, पाणी देते, पण "राग येणार नाही" असं मी कधी म्हणालेले नाही. तिनं ते म्हटलं. डोळ्यावर पट्टी, उशीवर पडून, मी तिला नीट दिसत नसताना. तिला तिचं स्वतःचं आयुष्य कळून घ्यायचं होतं. तो दिवस कशासाठी गेला — कशासाठी तरी गेला की उगाच गेला — एवढंच. ते तिच्या हक्काचं होतं, आणि ते फक्त माझ्याजवळ होतं.

मी म्हणाले, "शिवला होता, मावशी. असा मधोमध. पंखाचा वारा लागला होता तोंडावर."

आणि तिचं तोंड माझ्याकडेच होतं म्हणून पुढे म्हणाले, "नख पण लागलं होतं थोडं."

नख. आईला जो ओरखडा सापडला नव्हता, तो मी तिथं बसून तयार करून दिला. दहाव्या वर्षी मला सुचला नव्हता, बावन्नाव्या वर्षी सुचला. तिला वाईट वाटू नये म्हणून? असं मला स्वतःला सांगता येतं, आणि मी एक-दोन महिने सांगितलंही. पण त्या क्षणी माझ्या मनात तिचा विचार नव्हता. माझ्या मनात होतं ते हे — ही उद्या मुलांना सांगेल, मुलं सुनांना सांगतील, आणि पुढच्या लग्नात लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील. रंजूताई, इतकी नेटकी, इतकी सरळ बाई. बस, एवढंच होतं.

"बरं," मावशी म्हणाली.

फक्त बरं. तिला पटलं की नाही, मला कळलं नाही. कोणाचंही खोटं दारातून ओळखणारी मी — तिच्या त्या एका शब्दात काय होतं, ते मला आजवर कळलेलं नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी थेंबांच्या वेळा मोबाइलमध्ये लावल्या, फळं धुतली, डिस्चार्जचं विचारायला खाली गेले.

त्यानंतर दोन लग्नं झाली. मावशी दोन्हीकडे होती, डोळा आता छान आहे. कावळ्याची गोष्ट तिनं एकदाही सांगितली नाही. एका सुनेनं आग्रह केला, "सांगा ना आत्याबाई, ते रंजूताईंचं." मावशी म्हणाली, "जुनं शे ते, जाऊ दे," आणि वाढणाऱ्या पोराला भात आणायला सांगितलं.

मी समोरच बसले होते. मी जेवत राहिले.

दर रविवारी सकाळी मी तिला पारोळ्याला फोन करते. ती दुसऱ्या रिंगला उचलते. थेंब टाकतेस का, मी विचारते, गुडघ्याचं विचारते, पाणी आलं का विचारते. ती सगळ्याची उत्तरं देते. मग ती फोन ठेवत नाही, वाट बघते. मी म्हणते, चल मावशी, ठेवते.